सकाळचे माप आणि दुपारचे माप

प्रश्न : वास्कोजवळ बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) बांधणीच्या एका यार्डात मी फॅब्रिकेशनचे काम पाहतो. 6 मिमी जाडीच्या डेकप्लेटला स्टिफनर (प्लेटला ताठपणा देणाऱ्या पट्ट्या) वेल्ड केल्यावर मधल्या भागात दोन फ्रेमींमधला (सांगाड्याच्या आडव्या फासळ्यांमधला) फुगवटा दुपारी 9 मिमी भरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी 6 मिमी. यांतला खरा कोणता?

उत्तर : वेल्डिंगचा वाक सकाळच्या मापात आहे, मात्र ते डेकवर ऊन येण्यापूर्वी घेतलेले हवे. वेल्ड निवताना आकसतो आणि प्लेट ओढतो. हा वाक कायमचा. दुपारी त्यात उन्हाची भर पडते, कारण कडांना जखडलेल्या तापलेल्या प्लेटला पसरायला जागा नसते आणि ती फुगते. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे 0.012 मिमी वाढते, म्हणजे 12 मीटरचे पॅनेल 20 अंशांनी तापले, तर लांबीतच जवळजवळ 3 मिमी फरक पडतो. डेकवर पसरलेली पोलादी टेपही तेवढीच वाढते, त्यामुळे तिला हा फरक कळत नाही. टोटल स्टेशनला, म्हणजे प्रकाशकिरणाने अंतर आणि कोन मोजणाऱ्या उपकरणाला, तो कळतो. म्हणून प्रत्येक मापाशेजारी प्लेटचे तापमान लिहावे.

हा फरक किरकोळ नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण संस्थांच्या संघटनेची 47 क्रमांकाची शिफारस डेकच्या मधल्या समांतर भागात (जेथे नौकेच्या दोन्ही बाजू समांतर असतात) फ्रेमींमधल्या फुगवट्यासाठी 4 मिमी हे प्रमाण आणि 8 मिमी ही कमाल मर्यादा मानते. दुपारच्या आकड्यावर विसंबलात, तर मर्यादेत असलेल्या प्लेटवर ती सरळ करण्यासाठी विनाकारण गॅसची ज्योत फिरेल.

मला अधिक खटकले ते हे की, आपल्या पत्रात वेल्डिंगपूर्वीचे माप कोठेच नाही. प्लेट मुळातच वाकडी आलेली असू शकते. टाके (भाग जागी धरणारे छोटे वेल्ड) मारण्यापूर्वी आणि मारल्यानंतर माप घ्यावे, आणि मापाच्या जागा दाखवणाऱ्या पंचाच्या (ठोकून उमटवलेल्या) खुणा जोडापासून निदान 100 मिमी दूर ठेवाव्यात. एका कामावर माझ्या खुणा ग्राइंडरखाली पुसल्या गेल्या आणि वाक फिटिंगचा की वेल्डिंगचा, हे शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

फुगवटा वरच्या बाजूस असेल, तर सरळपट्टी त्यावर डुलते आणि माप फसते. दोन्ही फ्रेमींवर समान उंचीचे ठोकळे ठेवून त्यांवर पट्टी टेकवावी, मध्यभागी पट्टीखालचे अंतर स्टीलच्या स्केलने मोजावे आणि ते ठोकळ्याच्या उंचीतून वजा करावे. लांब पॅनेलच्या उंचसखलपणासाठी ताणलेली तार वापरू नये, कारण ती स्वतःच्या वजनाने झोळते. आडव्या दिशेतील सरळपणा पाहायला मात्र ती उत्तम.

ज्योतीने सरळ करण्याची वेळ आलीच, तर शेजारच्या खणांचीही (दोन फ्रेमींमधल्या भागांचीही) मापे आधी आणि पुढच्या पहाटे घ्या, कारण एका खणातली ओढ दुसऱ्यात सरकते.