बसल्या बसल्या फेर

प्रश्न : माझ्या सासूबाई ९१ वर्षांच्या आहेत. व्यायाम म्हटलं की तोंड फिरवतात, पण गाणं लागलं की बोटं ठेका धरतात. कोणती गाणी लावू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, बोटं ठेका धरतात ना, मग अर्धं काम झालं! वृद्धाश्रमात व्यायाम घेताना मी आधी वय विचारते आणि त्यांच्या पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षांतली गाणी शोधते. त्या वयातलं गाणं फार घट्ट बसतं. तुमच्या सासूबाईंसाठी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातली लावून बघा. भगवानदादांचं नाचणं म्हणजे खांदे, मनगटं आणि छोटी पावलं, खुर्चीतही जमतं.

पण माझा खरा भरवसा भोंडल्यावर. ‘ऐलमा पैलमा’ सुरू केलं, की लेकीचं नाव विसरलेली आजीसुद्धा पुढची ओळ म्हणते. समोरासमोर बसा, हात हातात घ्या, टाचा आणि चवडे आळीपाळीने उचला. जात्यावरच्या ओव्यांना खुंटा धरल्यासारखे दोन्ही हात गोल फिरवायचे. आखडलेले खांदे हळूहळू मोकळे होतात.

खुर्ची हातांची, न सरकणारी हवी. पावलं जमिनीला टेकलेली. टीव्ही, मिक्सर बंद, कारण गलक्यात त्यांना शब्द कळत नाहीत. आधी डॉक्टरांना विचारा, सुरुवात दोनच गाण्यांनी करा. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा, डॉक्टरांना दाखवा. गाताना डोळे भरून आले तर मात्र गाणं घाईने बंद करू नका. जवळ बसा, हात धरून ठेवा.