ईमेल चालू राहिले, मुदत थांबली नाही

नागपूरच्या एका वाचकांचं पत्र आहे. 9 जून 2024 च्या रविवारी शहरातल्याच एका जपानी सी-फूड रेस्टॉरंटमध्ये चौघं दुपारी जेवले. बिल 6,840 रुपये, त्यात न विचारता लावलेला सर्व्हिस चार्ज. मेन्यूत 'काणी निगिरी, ताजा खेकडा' असं छापलेलं. पुढ्यात आली ती भाताच्या मुटक्यावर ठेवलेली पांढरी कांडी, वरून लाल रंग, बोटाने सोलली की दोरे निघणारी. संध्याकाळी पत्नीला उलट्या झाल्या. तेव्हापासून मॅनेजरशी ईमेल चालू आहेत, बावीस महिने होत आले. आता विचारतात, आधी नोटीस पाठवू का? दहा लाख मागता येतील का?

भाऊ, आधी कॅलेंडर बघा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं कारण त्या दुपारी, त्या टेबलावरच घडलं. मॅनेजरचा शेवटचा ईमेल कधी आला, याने काही फरक पडत नाही. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे किती वेळा सांगायचं? कधी बिल्डर 'बघतो' म्हणतो, कधी शोरूमवाला 'वर बोलतो' म्हणतो, आणि तक्रारदार बसून राहतो. अशी पत्रं माझ्याकडे सारखी येतात. समोरच्याने वेळ काढला आणि तुम्ही काढू दिलात. मला राग येतो तो यासाठी की तुमची तक्रार खरी आहे.

नोटिशीचं म्हणाल तर तक्रारीआधी ती पाठवलीच पाहिजे अशी या कायद्यात अट नाही. नोटीस, उत्तराची वाट, मग त्यावर खुलासा, यातच जून उजाडेल. उशीर माफ करण्याची सोय कलम 69 मध्ये आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं. 'उत्तराची वाट बघत होतो' हे कारण चालेल, या भरवशावर मी तरी एक दिवसही राहणार नाही. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर याच आठवड्यात तक्रार भरा. तुमच्या बिलाच्या रकमेला फी लागत नाही. शेवटच्या दिवसावर ढकलू नका, ऑनलाइन तक्रारीतही त्रुटी निघतात आणि त्या दुरुस्त करायला दिवस जातात.

उलट्यांवर तक्रार उभी करू नका. डॉक्टरची चिठ्ठी नाही, अन्नाचा नमुना नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहकाला पदार्थ तपासून घेता येतो, पण तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. त्या कायद्याखाली खटल्याची मुदतही साधारण एकच वर्ष आहे. तो रस्ता तुमच्यापुरता बंद समजा.

खेकड्याचा मुद्दा मात्र भक्कम आहे. ती कांडी म्हणजे सुरिमी, पांढऱ्या माशाचा लगदा रंग-चव लावून घडवलेला. जपानमध्ये तिला वेगळं नाव आहे, कानिकामा. त्या नावाने विकली असती तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. 'ताजा खेकडा' छापून ती पुढ्यात ठेवणं म्हणजे मालात काय आहे याबद्दल खोटं सांगणं, आणि ती कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा. याचा पुरावा तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलाय. मॅनेजरचा जुलै 2024 चा ईमेल: 'आम्ही आयात केलेल्या क्रॅब स्टिक वापरतो, चव तीच असते.' अहो, ही कबुली आहे! पहिल्या पानावर हवी होती.

हा ईमेल पूर्ण छापून घ्या, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत खरी असल्याचं प्रमाणपत्र जोडा. बिल पाकिटात ठेवलंत आणि तो थर्मल कागद आता कोरा पडलाय, म्हणून यूपीआयची नोंद आणि बँकेचा उतारा लावा. मुलीने काढलेला मेन्यूचा फोटो मूळ फाइलसकट जपा, फॉरवर्ड केलेला नको.

सर्व्हिस चार्जही परत मागा. तो न विचारता बिलात लावू नये, अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला त्या कायम ठेवल्या. पुढे अपील झालंय, त्यामुळे यावर सगळा भार टाकू नका.

दहा लाख मागू नका. आधार नसलेला आकडा खऱ्या मुद्द्यालाही हलकं करतो. किती मिळेल ते मी सांगू शकत नाही. कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि साध्या जेवणाच्या तक्रारीला माणूस दमून जातो, याची मला खंत आहे. एक हत्यार मात्र तुमच्या हातात आहे. समोरच्याला लेखी जबाबासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्यापुढे मुदत देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ठरवलंय. सेहेचाळिसाव्या दिवशी उभं राहून हे सांगा.

आणि ते हजार रुपयांचं कूपन, जे त्यांनी 'विषय मिटला' असं लिहून पाठवलं होतं? ते वापरलंत का, हे पत्रात नाही. वापरलं असेल तर तक्रारीत स्वतःहून लिहा. नसेल तर तसंच ठेवा आणि आज त्याचा फोटो काढा.