नोकरी पुण्या-मुंबईला, जीव नाशकात: खोली नक्की कुठे घ्यायची?

या वेळी पत्रांमधे निम्मी पत्रं एकाच विषयाची निघाली, नोकरी लागलीय, गाव सोडायचंय, राहू कुठे. चार निवडलीत. बाकीच्यांनी आपापलं उत्तर यातच शोधा, सापडेल.

प्रश्न: ताई, मी सिडकोत राहते, यंदा इंजिनिअरिंग झालं आणि हिंजवडीला फेज थ्रीमधे नोकरी लागली, पुढच्या महिन्यात जॉइनिंग आहे. आई म्हणते कोथरूडला मावशी आहे तिच्याकडेच राहा, भाडं पण वाचेल आणि आम्हालाही झोप लागेल. मैत्रिणी म्हणतात तिघी मिळून वाकडला फ्लॅट घेऊ. बाबा म्हणतात ऑफिसच्या समोरच पीजी बघ, चालत जा चालत ये. मी पुण्याला फक्त परीक्षेपुरती गेलेय, मला काहीच झेपत नाहीये. आणि हो, शनिवार रविवार मला घरी यायचंच असतं. (सिडको)

उत्तर: तू सगळ्यात शेवटी जे घाईघाईत लिहिलंयस ना, शनिवार रविवारचं, तेच मी आधी धरते. घर बघताना सगळे ऑफिस किती लांब तेवढंच बघतात, आपल्या गावाची बस कुठे उतरवणार हे कुणी बघतच नाही, आणि पहिलं वर्षभर तरी पोरं दर शुक्रवारी बॅग भरतातच, कितीही नाही म्हटलं तरी.

तर आपली पुण्याची बस नाशिकच्या द्वारका चौकातून किंवा नाशिकरोडवरून धरलीस की सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी असं करत नाशिक फाट्याला येते आणि तिथून पुढे शिवाजीनगरकडे जाते. चाकणला किती वेळ जाणार हे देवाला पण माहीत नसतं, त्यामुळे नाशिक फाटा येईपर्यंत माणूस अर्धा झालेला असतो. आता बघ, याच नाशिक फाट्यावरून एक मोठा रस्ता पिंपळे सौदागर, जगताप डेअरी करत सरळ वाकडला जातो, आणि वाकडच्या पलीकडे हिंजवडी. म्हणजे तुझं ऑफिस आणि तुझं गाव दोन्ही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना पडतात, मग खोली त्याच रस्त्यावर शोधायची का सोडून? रविवारी रात्री दहाला फाट्यावर उतरून रिक्षा केलीस की घरी. तेच कोथरूड असेल तर फाट्यावर उतरल्यावर अजून अख्खं शहर ओलांडायचं बाकी राहतं.

मावशीबद्दल. मावशी चांगलीच असणार, प्रश्न मावशीचा नाहीच. कोथरूडहून चांदणी चौक, मग बायपास, मग वाकडचा पूल नाहीतर भूमकर चौक, मग हिंजवडीचा शिवाजी चौक आणि तिथून पुढे फेज वन, टू करत शेवटी थ्री, म्हणजे जिथे जिथे गाड्या तुंबतात ते सगळं तुझ्या वाट्याला. चांदणी चौकातले नवे पूल २०२३ मधे झाले, तिथलं बरंचसं सुटलं, पण खरी गर्दी हिंजवडीच्या तोंडाशी असते आणि ती कुठूनही आलीस तरी आहेच. सकाळी सव्वासातला निघालेली पोरगी रात्री नऊला मावशीच्या घरी पोचते, मग ताट झाकून ठेवलेलं असतं, काकांची झोपायची वेळ झालेली असते, तू भांडं वाजू न देता जेवतेस, आणि दोन महिन्यांनी दोघींनाही कानकोंडं व्हायला लागतं, कुणी कुणाला काही न बोलता. त्यापेक्षा पहिले पंधरा दिवस मावशीकडे राहा, तेवढ्यात जागा बघ, आणि नंतर महिन्यातून एखाद्या रविवारी हक्काने जेवायला जा. नातं पण राहील.

बाबांचं म्हणणं ट्रॅफिकच्या हिशोबाने शंभर टक्के बरोबर आहे. फेज थ्रीला, माणच्या बाजूला राहिलीस तर चौकातली रांग तुला बघावीच लागणार नाही. पण हिंजवडी, माण हा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाही, ग्रामपंचायतीत येतो, आणि तिथल्या कितीतरी सोसायट्या टँकरच्या पाण्यावर चालतात. आणि वाकडचं पाणी म्हणशील तर पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येतंय. आपण गंगापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेली माणसं, नळ सोडला की पाणी येतं असंच वाटत असतं आपल्याला, तिकडे ते विचारून घ्यावं लागतं. कुणाला विचारायचं? मालकाला नाही, एजंटला तर अजिबात नाही, वॉचमनला. गेटवर त्याच्याकडे गाड्यांची नोंद असते, त्याला नुसतं एवढंच विचार की काका मे महिन्यात दिवसाला किती टँकर येत होते. तो एका मिनिटात सगळं सांगतो, कोणत्या विंगला पाणी चढत नाही ते सुद्धा.

एजंट तुला आणखी एक सांगणार, मॅडम मेट्रो आली की पाच मिनिटं. माणपासून शिवाजीनगरपर्यंतची ती मेट्रो तेवीस किलोमीटरची आहे, चांगलीच होणार आहे, पण तिच्या नावाने आजपासून जास्तीचं भाडं का द्यायचं? ती नीट धावायला लागली की मग बघू. पिंपरी ते स्वारगेटवाली मेट्रो आहे ती नाशिक फाट्यावरून जाते, तिचा उपयोग लक्ष्मी रोडला खरेदीला, हिंजवडीला नाही.

तर माझं मत, मावशीकडचे पंधरा दिवस झाले की एक महिना वाकडमधे पीजी घे, महिन्याच्या बोलीवर, जास्तीचं डिपॉझिट न अडकवता. त्या महिन्यात कंपनीची बस कुठे कुठे थांबते आणि पहिली किती वाजता येते हे कळेल. मग मैत्रिणींबरोबर जगताप डेअरी ते वाकड या पट्ट्यात फ्लॅट बघा, पण रविवारी दुपारी बघू नका, रविवारी सगळेच रस्ते गुणी असतात. मंगळवारी सकाळी नऊला त्या गेटवर उभं राहून बघा. आणि टोकन द्यायच्या आधी सोसायटीला तिघी मुली चालतात का ते सेक्रेटरीच्या तोंडून ऐकून घ्या, मालक हो म्हणतो आणि सामान टेम्पोत भरल्यावर सोसायटी नाही म्हणते, हे फार होतं.

आईला एक सांग. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घरापर्यंत सोडायची सोय कंपनीनेच करायची असते, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात आहे ते. एचआरला पहिल्याच आठवड्यात विचार, लाजू नकोस.

प्रश्न: ताई नमस्कार, मी जेलरोडला राहतो, बायको इथेच शाळेत शिक्षिका, मुलगा तीन वर्षांचा. मला मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) ऑफर आहे, आठवड्यात तीन दिवस ऑफिस. पंचवटी एक्स्प्रेसने अपडाउन करू की तिकडे जागा घेऊ? सगळं बिऱ्हाड हलवायची इच्छा नाही. (जेलरोड)

उत्तर: बिऱ्हाड हलवू नका, बायकोची शाळेची नोकरी सोडायला तर अजिबात लावू नका. पंचवटी १९७५ पासून धावतेय आणि तिच्या पासवर अख्खी नोकरी काढलेली माणसं नाशिकरोडला पैशाला पासरी भेटतील, पण त्यातले बहुतेक सीएसएमटी नाहीतर दादरला ऑफिस असलेले. तुमचं ऑफिस बीकेसी, म्हणजे सकाळी सातच्या सुमाराला गाडीत बसलात तरी उतरून पुन्हा लोकल, बस, रिक्षा आहेच. परतीची गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी सहा-सव्वासहाला सुटते, म्हणजे ती दादरला किंवा ठाण्याला पकडायची तर मीटिंग अर्धी टाकून उठावं लागणार. एखाद दिवस चालतं, तीनही दिवस नाही चालत. त्यात पावसाळ्यात कसारा घाटात काही झालं की गाडी उभी.

मी काय म्हणते, मंगळवारी सकाळी जायचं, दोन रात्री तिकडे काढायच्या, गुरुवारी संध्याकाळी परत, आणि दोन रात्रींसाठी शेअरिंगमधे एक कॉट घ्यायची, फ्लॅट नाही. कुठे, तर मध्य रेल्वे सोडायची नाही. वेस्टर्नला अंधेरी, सांताक्रूझ बीकेसीला जवळ दिसतं, भाडं ऐकलंत की पुन्हा ठाण्यालाच याल. ठाण्याला पंचवटी पण थांबते, फास्ट लोकल पण थांबते, कुर्ल्याला उतरून बीकेसीची बस नाहीतर शेअर रिक्षा, झालं. कल्याण स्वस्त पडेल आणि तिथूनच सुटणारी लोकल धरली तर बसायलाही मिळतं, पण वेळ वाढतो. मुलुंड छान आहे पण गर्दीच्या वेळी प्रत्येक फास्ट तिथे थांबतेच असं नाही, ते जागा बघायच्या आधी टाइमटेबलमधे बघून घ्या. गर्दीला फारच वैतागलात तर घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून भुयारी मेट्रोने बीकेसी असाही रस्ता आहे, लांबचा आहे पण एसीतला.

समृद्धी महामार्गाचं विचाराल म्हणून आधीच सांगते. जून २०२५ मधे इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला, घाट चुकतो, मस्त रस्ता आहे. पण आमणे म्हणजे भिवंडी, आणि पुढचं सगळं तसंच आहे. दिवाळीला सामान आणायला गाडी न्या, रोज नको.

प्रश्न: मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, म्हणून पाथर्डी फाट्याचा प्लॉट विकून त्याला तिकडे फ्लॅट घेऊन द्यावा असं मनात आहे. एरिया सुचवावा. (इंदिरानगर)

उत्तर: एरिया सुचवत नाही, कारण फ्लॅट घेऊच नका, निदान आत्ता नाही. त्याची कंपनी आज व्हाइटफील्डला असेल, दोन वर्षांनी त्याने नोकरी बदलली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीला गेला तर तुमच्या फ्लॅटला चाकं नाहीत. त्या शहरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाणं म्हणजे काय हे त्यालाच सहा महिन्यांनी विचारा. मुलाला एकट्याला राहू द्या, स्वतःचं भाडं स्वतःच्या पगारातून भरू द्या. डिपॉझिट तिकडे आपल्यापेक्षा बरंच जास्त मागतात, तेवढी मदत करा हवी तर. प्लॉट राहू द्या, तो काही खायला मागत नाही.

प्रश्न: पुण्यात फ्लॅट फायनल झाला, भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००. एजंट म्हणतो अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी करून टाकू, रजिस्टर करायची गरज नाही, मालकालाही तेच बरं. खरं का? (नाशिकरोड)

उत्तर: मालकाला ते बरं असेल, कायद्याला नाही. अकरा महिन्यांचं असो की पाच महिन्यांचं, महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि रजिस्टर केलेलाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघा. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि केला नाही तर पुढे वाद झाल्यावर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांगा, बहुतेक वेळा तो लगेच तयार होतो.

खर्च पण फार नाही. स्टँप ड्युटी अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटचं दहा टक्क्याने व्याज धरतात. तुमच्या आकड्यांना ती साडेपाचशेच्या आसपास येते, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशनची फी १,०००, वर थोडे किरकोळ. एजंटने याच्या कितीतरी पट गोल आकडा सांगितला तर त्यात सरकारी किती आणि तुझे किती हे विचारा, ऑनलाइन होतं सगळं, बोटाचा ठसा द्यायला माणूस घरी येतो. त्याची वेगळी दलाली बहुतेक एक महिन्याचं भाडं असते, ती करार रजिस्टर झाल्यावर द्या, आधी नाही. पोलिस व्हेरिफिकेशन पण त्याच वेळी उरकून घ्या.

आणि चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी मोबाइलवर भिंती, बाथरूमच्या टाइल्स, गिझर आणि विजेच्या मीटरचं रीडिंग याचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप करा.