लेक्सस एनएक्स 350एच प्रत्यक्षात किती ॲव्हरेज देते, आणि हायब्रिड घेतल्याने खर्च खरोखर कमी होतो का?

पुण्यात रोजचे जाणे-येणे आणि अधूनमधून एखादा लांबचा प्रवास मिळून महिन्याला साधारण 1,000 किलोमीटर होतात, तर या गाडीचा पेट्रोलचा आणि एकूण खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असलेली हीच हायब्रिड एसयूव्ही मी पुण्यात चालवतो. ॲव्हरेजच्या बाबतीत आपली निराशा होणार नाही. मात्र महिन्याच्या एकूण खर्चात पेट्रोलचा वाटा फारच लहान असतो, ही गोष्ट गाडी घेण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवी.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या गाडीला शहरात 41 आणि महामार्गावर 37 मैल प्रति गॅलन असे आकडे दिले आहेत, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला अनुक्रमे 17.4 आणि 15.7 किलोमीटर. एसी सतत चालू ठेवून मला शहरात 14 ते 16 मिळतात. समृद्धी महामार्गावर 120 च्या आसपास वेग ठेवला, की हाच आकडा 12-13 वर येतो. साध्या पेट्रोल गाडीत याच्या नेमके उलट घडते, आणि त्याचे कारण यंत्रणेतच आहे. यातील अडीच लिटरचे इंजिन ॲटकिन्सन चक्रावर चालते; ते इंधन काटकसरीने जाळते, पण कमी वेगावर त्याचा जोर तोकडा पडतो, आणि ती उणीव विजेची मोटर भरून काढते. ब्रेक दाबताना जी ऊर्जा एरवी उष्णतेच्या रूपाने वाया गेली असती, तिचा मोठा भाग बॅटरीत परत जातो. हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना इंजिन बराच वेळ बंदच असते, समोरच्या पडद्यावर ‘ईव्ही’ची हिरवी अक्षरे दिसत राहतात आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्याने आतला गारवाही कमी होत नाही. मोकळ्या महामार्गावर मात्र ब्रेकच लागत नसल्याने परत मिळवायला काही उरत नाही, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. त्यामुळे आपले 1,000 किलोमीटर प्रामुख्याने शहरातले असतील तर हायब्रिडचा पुरेपूर उपयोग होईल. दर आठवड्याला नागपूर गाठायचे असेल, तर हा फायदा बराच आटेल.

घाटाबद्दल थोडे सांगतो, कारण नवे मालक तिथे हमखास दचकतात. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना बॅटरी भरत जाते, पण ती आकाराने लहान असल्याने घाट संपण्याआधीच तिची क्षमता संपू शकते. त्यानंतर जास्तीची वीज साठवायला जागा नसते, म्हणून यंत्रणा इंजिन फिरवून गाडी रोखते आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिनचा आवाज चढतो. हा बिघाड नव्हे. याशिवाय, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी मिळते. परदेशी आकड्यांशी तुलना करताना एवढी वजावट धरावीच लागते.

आता हिशेब पाहू. लिटरला 15 किलोमीटर आणि पेट्रोल 104 रुपये धरले, तर महिन्याला 67 लिटर, म्हणजे सुमारे 7,000 रुपये लागतील. याच वर्गातील दोन लिटर टर्बो पेट्रोल एसयूव्हीला शहरात 9-10 चे ॲव्हरेज धरल्यास 10,400 ते 11,500 रुपये होतात. फरक महिन्याला साडेतीन ते साडेचार हजारांचा, वर्षाला अर्ध्या लाखाच्या आगेमागे. मात्र विक्रेता ‘हायब्रिड’ म्हणाला की कोणती, हे विचारून घ्यावे. अनेक जर्मन गाड्यांतील 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा इंजिनला थोडा हातभार लावते, पण गाडी कोंडीत निव्वळ विजेवर चालवू शकत नाही. लेक्ससच्याच घरात आरएक्स 350एचला अमेरिकेत एकत्रित 36 मैल, म्हणजे लिटरला 15.3 किलोमीटर मिळतात, तर 2.4 लिटर टर्बो इंजिनाच्या आरएक्स 500एचला 27 मैल, म्हणजे 11.5. दोन्ही हायब्रिडच, पण दुसरीत मोटर जोडली आहे ती मुख्यतः ताकदीसाठी.

पेट्रोलच्या सात हजारांशेजारी घसारा, म्हणजे वयागणिक गाडीच्या किमतीत होणारी घट, मांडून पाहिला, की चित्र बदलते. विम्याच्या प्रचलित तक्त्यानुसार चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीचे मूल्य मूळ किमतीच्या निम्मे धरले जाते. 2022 मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुमारे 65 लाखांपासून सुरू होत होती. तो आकडा धरला तर पाच वर्षांत साडेबत्तीस लाख गेले, म्हणजे महिन्याला 54,000. प्रत्यक्ष विक्रीत याहून बरा भाव येऊ शकेल. पण बरा म्हणजे किती, यावरच आपला सगळा हिशेब ठरेल, ॲव्हरेज 15 आले की 17 यावर नव्हे.

विम्याचा हप्ताही गाडीच्या किमतीच्या मागोमाग चालतो. 2022 च्या दरपत्रकात 1,500 सीसीवरील मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता 7,897 रुपये होता आणि हायब्रिडला त्यात साडेसात टक्के सवलत दिली होती. म्हणजे 592 रुपये, ज्यात डेक्कनवर कुटुंबाचा नाश्ता जेमतेम होईल. खरा बोजा ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) विम्याचा आणि त्यावरच्या झिरो डेप्रिसिएशन (भरपाईतून सुट्या भागांचा घसारा न कापण्याची जोड) व इंजिन संरक्षणाचा असतो. पावसाळ्यात रस्ते तुंबणाऱ्या शहरात इंजिन संरक्षण वगळू नये. टायरचे म्हणाल, तर 20 इंची चाकांचा संच बदलायला लाखाच्या आसपास रक्कम लागते, म्हणून 18 इंची चाकांचा प्रकार मिळत असेल तर मी तोच सुचवेन. खड्ड्यांतही तो जास्त सुसह्य असतो.

देखभालीची भीती मात्र अनाठायी आहे. या यंत्रणेत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, झिजणारे क्लच नाहीत, आणि ब्रेक पॅड बरेच दिवस टिकतात. मुख्य बॅटरी पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नसल्याने तिच्यावर ताण कमी येतो, शिवाय तिला आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. मागच्या सीटखाली बॅटरीला गार हवा पुरवणारी जाळी असते. तिच्यावर पिशव्या किंवा चादर येऊ देऊ नये, आणि घरात कुत्रा असेल तर दर सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्यावी. गाडी अनेक आठवडे उभी राहिल्यास साधी 12 व्होल्टची बॅटरी उतरते, एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटी, गाडी कंपनीच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर थांबून आकडेमोड करा. महाराष्ट्रात 20 लाखांवरील पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर 13 टक्के, तर कंपनीच्या नावावर 20 टक्के रस्ता कर लागतो आणि हायब्रिड म्हणून सूट मिळत नाही. 65 लाखांवर हा फरक साडेचार लाखांचा होतो, म्हणजे वर हिशेब केलेली नऊ वर्षांची पेट्रोलची बचत. आयकरात घसाऱ्याची वजावट मिळून त्यातले किती परत येते, हे सी.ए.कडून लेखी आकड्यांत मागून घ्या आणि मगच बुकिंगची रक्कम भरा.