म्युनिकची ऑफर, तक्ता आणि मनाची कुरकुर

तुम्ही लिहिलंत, म्युनिकची नोकरी हातात आहे, फायद्या-तोट्याच्या तक्त्यात सगळं जर्मनीच्या बाजूने पडतंय, तरी आतून 'नको' येतंय; मग ऐकायचं कुणाचं? मी नऊ वर्षं म्युनिकमध्ये आहे. माझ्या मते मनाचं ऐकाच, पण ज्यातलं त्याला कळतं तेवढ्यापुरतं.

आधी तक्ता. त्यात पगार ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा, धरला असेल तर खोडा. तुमच्यासारख्या पगारावर एकट्याच्या कर वर्ग १ मध्ये एक तृतीयांशाहून जास्त कापलं जातं. बायको सोबत आली आणि कमावत नसेल तर वर्ग ३ मिळतो, कपात कमी होते. भाडं 'कोल्ड' की 'वॉर्म', म्हणजे हीटिंग-पाण्यासकट, ते विचारा. डिपॉझिट तीन कोल्ड भाड्यांपर्यंत मागतात. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, २७ महिन्यांनी कायमचं राहायचा परवाना मिळू शकतो, बी१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन आलं तर २१ महिन्यांनी. इथे मनाला मध्ये आणू नका.

माझं मन एकदा सपशेल चुकलं. पहिल्या डिसेंबरात स्टेशनजवळचं एक स्वस्त घर बघायला गेले. दुपारचे पावणेपाच, खिडकीबाहेर अंधारून आलेलं, आत पाऊल टाकलं आणि पोटात गोळा आला. घरच उदास आहे असं वाटलं. महिना दोनशे युरो जास्त देऊन दुसरं घेतलं, तिथेही तोच गोळा. डिसेंबरात इथे सूर्य साडेचारच्या आधीच मावळतो, एवढंच होतं ते. जूनमध्ये त्याच स्टेशनच्या रस्त्यावर रात्री नऊला उजेड होता. नाशिकच्या उन्हात वाढलेल्या मनाला तो अंधार नवा होता. तेव्हा तुमचं 'नको' थंडीचं, भाषेचं, एकटेपणाचं असेल तर जमल्यास नोव्हेंबरात आठ-दहा दिवस येऊन राहा. भाजी स्वतः आणा, ट्रामने फिरा. मग विचारा मनाला.

पण 'नको' घरच्या माणसांचं असेल तर गोष्ट वेगळी. निघायच्या आधी बाबा म्हणाले, "जा गं, आम्ही मजेत आहोत." म्हणताना औषधाच्या डबीचं झाकण उघडत होते, लावत होते. जन्मापासून बघितलेला माणूस, त्याच्या बाबतीत माझं मन चुकणार नव्हतं. त्याच रात्री खोदून विचारलं. भीती होती आईच्या दम्याची. मध्यरात्री दवाखान्यात नेणार कोण? मी येणं चार महिने पुढे ढकललं, मामेभावाला आमच्याच सोसायटीत घर मिळवून दिलं, तो राहायला आल्यावर तिकीट काढलं.

तुमच्या प्रश्नात मला एकच वाक्य खटकलं: बायको म्हणते, 'तुला हवं ते कर.' ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला इथे आल्याआल्या काम करायची परवानगी असते, पण जर्मन न येता तिच्या क्षेत्रातलं काम मिळेल का, हे तिच्याशी बोललात का? मुलगा झोपला की लॅपटॉप मिटून बसा दोघं. सहीसाठी कंपनीकडे आठवडाभर मुदत मागा, मागायला काहीच हरकत नाही.