रायडेन या विमानातून गोळीबार करायच्या व्हिडिओ गेममध्ये एक लाइफ गेली की बाकीच्याही पाठोपाठ जातात. माझे हात संथ आहेत का?

हातांना दोष देऊ नका. १९९० च्या या खेळात विमानच अंगाने मोठं आणि चालीने जड आहे, आणि गोळ्या येतात सुसाट. गोळी दिसल्यावर पळायचं ठरवलं तर कोणालाही उशीरच होणार.

बहुतेक गोळ्या, सुटतेवेळी तुम्ही जिथे असाल तिथे नेम धरून येतात आणि नंतर वळत नाहीत. म्हणजे नेम कुठे लागावा हे तुमच्या हातात आहे. डाव्या कडेला थांबा आणि गोळीबार सुरू झाला की थोडं थोडं उजवीकडे सरकत राहा. गोळ्या तुमच्या मागे पडत जातील. उजवी कडा जवळ आली की एकदाच मोठी झेप घ्या. गोळ्यांच्या माळेत फट पडते, तिच्यातून उलट फिरा. घाबरून सारखं इकडून तिकडे धावलात तर स्क्रीनभर गोळ्या तुम्हीच पेरून ठेवता.

दुसरं म्हणजे पाठांतर, त्याला पर्याय नाही. कोणता रणगाडा कुठून येतो हे लक्षात ठेवा आणि त्याने तोंड उघडायच्या आत उडवा. सुरुवातीला लाल बंदूकच बरी, मारा पसरट असतो. निळा लेसर जोरकस, पण सरळ रेषेत. पावर-अप (बंदुकीची ताकद वाढवणारी वस्तू) लाल-निळा होत तरंगत असतो. हवा तो रंग यावा म्हणून त्याच्यामागे वर वर जाणं मात्र सोडा. माझ्या मते बॉसपेक्षा (स्टेजच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूपेक्षा) जास्त बळी हा हव्यासच घेतो.

बॉम्ब फुटायला क्षणभर लागतो, त्यामुळे गोळी नाकाशी आल्यावर बटण दाबून काही होत नाही. गर्दी जमतेय असं वाटलं की लगेच टाका. शिल्लक ठेवून मेलात तर काय उपयोग!

लाइफ पाठोपाठ जातात, कारण मेल्यावर बंदुकीची ताकद जाते आणि समोर शत्रू मात्र तेवढेच तगडे. (१९९६ च्या बॅटल गरेगा या अशाच दुसऱ्या खेळात उलट आहे. तिथे मेल्यावर खेळ सौम्य होतो, म्हणून जाणकार मुद्दाम लाइफ घालवतात. रायडेनमध्ये हे करू नका.) एम्युलेटरवर (जुने खेळ कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर) खेळत असाल तर मेल्यानंतरच्या जागी सेव्ह करा आणि साध्या बंदुकीने तेवढाच तुकडा घोटा. पहिल्या स्टेजपासून पुन्हा पुन्हा सुरू केलंत तर फक्त पहिली स्टेजच पक्की होईल.