"मॅडम, माझा मुलगा नरकात जाईल का?"

ख्रिस्ती घरातली आई मुलाच्या समलिंगी असण्याबद्दल बोलायला येते, तेव्हा "लोक काय म्हणतील" हा प्रश्न असतोच, पण तो दुसरा. पहिला असतो, "हे पाप आहे का हो?" आणि बहुतेक वेळा त्याच श्वासात, "आमचं काय चुकलं?" मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरात वाढले, रविवारची शाळा केली, त्यामुळे ही भीती मला समजावून सांगावी लागत नाही. पण समुपदेशक म्हणून मी धर्मगुरूंच्या खुर्चीत बसत नाही, हेही मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

ॲग्नेसताई वसईच्या बागायती पट्ट्यातल्या, कॅथलिक. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला घरच्यांची परवानगी आहे.) नवऱ्याची सोनचाफ्याची बाग, पहाटेच्या लोकलने फुलं दादरला जातात. एल्विन एकुलता एक, सत्तावीस वर्षांचा, ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत. लहानपणी वेदीसेवक, म्हणजे उपासनेत फादरांना मदत करणारा मुलगा, होता, पुढे चर्चच्या गायनात कीबोर्ड वाजवायचा. आयर्लंडला नर्स असलेल्या मुलीचं स्थळ आलं, ते त्याने नाकारलं. आधीची दोनही नाकारली होती. आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मम्मी, मला मुलीशी लग्न करता येणार नाही. मी गे आहे."

ॲग्नेसताईंनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही. सांगितली धाकट्या बहिणीला. ती काही वर्षांपूर्वी पॅरिश (आपल्या गावचं कॅथलिक चर्च) सोडून नालासोपाऱ्याच्या एका प्रार्थना मंडळात जाऊ लागली होती. तिने निकाल लगेच दिला: हा दुष्टात्मा आहे, तीन दिवसांची उपास-प्रार्थना करू, सुटेल. तिच्या नवऱ्याने एका डॉक्टरचा नंबर दिला, "हार्मोनचं इंजेक्शन देतो" म्हणून. आणि दोघांचं एकमत, की लग्न उरकून टाका, आपोआप सगळं ठीक होतं.

माझ्यासमोर बसल्यावर त्यांनी पर्समधून हिशेबाची वही काढली. पुढच्या पानांवर फुलांच्या करंड्यांचे आकडे, शेवटच्या पानावर निळ्या बॉलपेनने बहिणीने लिहून दिलेले, समलिंगी संबंधांविरुद्ध दाखवले जाणारे बायबलमधले सहा संदर्भ: उत्पत्ती १९, लेवीय १८:२२, लेवीय २०:१३, रोमकरांस १:२६-२७, पहिले करिंथ ६:९, पहिले तीमथ्य १:१०. "हे वाचलं की मला रात्रभर झोप लागत नाही," म्हणाल्या.

"आणि एल्विनला लागते का?" मी विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं. तो जेवतो का, कोणाशी बोलतो, कामावर नीट जातो का, यातलं काहीच. गेले दोन महिने घरात फक्त "जेवायला ये" आणि "दार लाव" एवढंच बोलणं होतं. मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि म्हटलं, आज घरी जाऊन एवढंच विचारा, की तुला कधी जगणं नकोसं वाटलंय का. त्या दचकल्या. असं विचारल्याने मनात नसलेलं भरतं, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारं कोणीतरी आहे याचाच आधार होतो. एल्विनचं उत्तर "हो" असं आलं. मग पुढच्या दोन भेटी सिद्धान्ताच्या नव्हत्याच. रात्री कोणाला फोन करायचा, घरात कोण जागं असेल, "टेली-मानस"चा १४४१६ हा सरकारी नंबर मोबाइलमध्ये आहे ना, एवढंच ठरवलं. पाप-पुण्याची चर्चा करायला आधी माणूस जागेवर हवा.

वही चौथ्या भेटीत उघडली. मी बायबलची पंडिता नाही. पण त्या सहा ओळी त्यांच्या छातीवर बसल्या होत्या, आणि त्यांनी त्या कधी पूर्ण अध्यायासकट वाचल्या नव्हत्या. म्हणून मराठी बायबल मध्ये ठेवून आम्ही वाचत गेलो.

उत्पत्ती १९ मधली सदोम शहराची गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ. तिथे जमाव परक्या पाहुण्यांवर बळजबरी करायला दारावर येतो. मी त्यांना यहेज्केल १६:४९ काढायला सांगितलं. तिथे सदोमचा दोष सांगितलाय तो गर्वाचा, भरल्या पोटाच्या निवांतपणाचा आणि गरीब-गरजूंना हात न देण्याचा. (पुढच्याच ओळीत "अमंगळ कृत्य"ही येतं, आणि परंपरेच्या बाजूचे लोक त्यावर बोट ठेवतात, तेही मी दाखवलं.) लेवीय २०:१३ मध्ये पुरुषाने पुरुषाशी संग केल्यास शिक्षा देहान्ताची आहे. चार ओळी वर, आईबापांना शाप देणाऱ्यालाही तीच. यावर ॲग्नेसताईंनी बरोबर प्रश्न विचारला: "पण फादर सांगतात, जुन्या करारातले खाण्यापिण्याचे नियम गेले, नीतीचे राहिले. मग हा कुठला?" भांडण नेमकं तिथेच आहे. परंपरावादी म्हणतात, हा नीतीचा, कारण नव्या करारातली ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाने तो पुन्हा सांगितला. दुसरी बाजू म्हणते, पौलासमोर त्या काळातली गुलामांशी आणि पोरांशी चालणारी भोगवृत्ती होती. दोन प्रौढ माणसांनी एकमेकांना आयुष्यभर धरून राहणं त्याच्या नजरेसमोर नव्हतं. दोन्हीकडे प्रामाणिकपणे बायबल वाचणारी माणसं आहेत. एका बाजूला निव्वळ द्वेष आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ पाखंड, असं ते नाही.

करिंथकरांच्या ओळीशी मात्र त्या अडखळल्या. देवाच्या राज्याचं वतन कोणाला मिळणार नाही याची ती यादी. बहिणीने ९ वी ओळ लिहून दिली होती, १० वी नव्हती. १० व्या ओळीत लोभी आहेत, दारुडे आहेत, निंदा करणारे आहेत. ॲग्नेसताई बोट ठेवून वाचत होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आमच्या दिरांचं काय? रोज संध्याकाळी असतंच की. त्यांना कोणी तीन दिवस उपाशी नाही बसवलं." दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या हसल्या, असं त्यांनीच सांगितलं. रोमकरांस पत्राचंही तसंच. पहिला अध्याय संपला की वही थांबत होती. दुसऱ्या अध्यायाची पहिलीच ओळ दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसाकडे वळते: तूही निरुत्तर आहेस.

येशू यावर थेट काही बोललेला शुभवर्तमानांत सापडत नाही. मत्तय १९ मध्ये मात्र तो विवाह म्हणजे नर आणि नारी असं आरंभापासूनचं सांगतो, आणि कॅथलिक शिकवणीचा पाया त्यावर आहे. हे मी झाकून ठेवलं नाही. आईला बरं वाटावं म्हणून तिच्या चर्चची शिकवण मवाळ करून सांगायची, हा मला समुपदेशनातला खोटेपणा वाटतो. ती घरी जाऊन फादरांना विचारणारच असते.

तशा त्या गेल्याही. त्यांच्या पॅरिशमधले सहायक धर्मगुरू तरुण होते. त्यांनी कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातले २३५७ ते २३५९ हे तीन परिच्छेद वाचून दाखवले. समलिंगी शरीरसंबंध चर्चला मान्य नाहीत, अशा व्यक्तींनी ब्रह्मचर्य पाळावं, असं तिथे स्पष्ट आहे. आणि मधल्या परिच्छेदात तितकंच स्पष्ट, की त्यांना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं, अन्याय्य भेदभाव कुठल्याही रूपात करू नये. नुसतं आकर्षण हे पाप नाही, हे रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, १९८६ च्या पत्रातच लिहिलंय. ॲग्नेसताईंना यातलं "आकर्षण पाप नाही" एवढं ऐकूनच रडू आलं. म्हणजे लहानपणी वेदीवर मेणबत्ती लावणारा आपला पोरगा तेव्हाही पापी नव्हता.

एल्विनला तेच परिच्छेद टोचले. तो एकटा भेटायला आला. आल्या आल्या म्हणाला, "तुम्ही मला बरं करणार असाल तर आत्ताच सांगा, मी उठतो." मी म्हटलं, आजारच नाही तर बरं काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मग तो बसला. "एका ओळीत माझा आदर करा म्हणतात आणि आधीच्या ओळीत माझं आकर्षण विस्कळीत आहे म्हणतात," तो म्हणाला. "मम्मीला त्यातलं गोड तेवढं ऐकू येतं." यावर माझ्याकडे तोडगा नव्हता. त्याचा राग खरा होता, आईचा दिलासाही खरा होता, आणि ग्रंथ एकच.

त्याला पोप फ्रान्सिस यांचं बोलणं पाठ होतं. २०१३ मध्ये रिओहून परतताना विमानात म्हणाले, अशी व्यक्ती देवाला शोधत असेल तर "न्याय करणारा मी कोण?" जानेवारी २०२३ च्या मुलाखतीत म्हणाले, समलिंगी असणं हा गुन्हा नाही, पाप आणि गुन्हा यांत फरक करा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रोमने समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, पण तो विवाहाचा विधी वाटू नये या अटीवर; आफ्रिकेतल्या बिशपांनी त्यालाही विरोध केला. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी तर २०१३ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा लागू केलं तेव्हा, चर्च समलिंगी लोकांना गुन्हेगार मानत नाही असं जाहीर म्हटलं होतं. २०१८ मध्ये ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं. विवाहाचा हक्क मात्र २०२३ मध्ये न्यायालयाने दिला नाही. शिकवण बदलली असं यातून निघत नाही, आणि एल्विनला ते कळत होतं. सूर बदलला, एवढंच.

कॅथलिक चर्चच्या बाहेर चित्र आणखी वेगळं आहे. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन ज्या चर्च-परंपरेतून आलं, तिचा अमेरिकेतला आजचा वारस म्हणजे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट. त्यांच्या महासभेने २००५ मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंब्याचा ठराव केला. आमच्या आजीला ज्यांच्याकडून बायबल मिळालं त्यांची नातवंडं आज तिथे पोचलीत, आणि आम्ही, त्यांची इकडची लेकरं, तो ठराव ऐकून कानावर हात ठेवतो. ऑर्थोडॉक्स, बहुतेक इव्हँजेलिकल आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या, आपल्याकडच्या मोठ्या चर्चेस जुन्या शिकवणीवर ठाम आहेत. "ख्रिस्ती धर्म काय म्हणतो?" याला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यापासून जरा जपून राहावं, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

पण दोन गोष्टींवर तडजोड करायला मी अजिबात मोकळी नव्हते, आणि ॲग्नेसताईंना तसं सांगितलं. पहिली, इलाज. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लैंगिक कल "बदलण्याच्या" उपचारांवर बंदी घालायला सांगितलं, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. इंजेक्शनवाला डॉक्टर तिथेच निकालात निघाला. उपास-प्रार्थनेने कल बदलतो म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या "एक्सोडस इंटरनॅशनल"चं उदाहरण पुरेसं आहे. प्रार्थनेतून समलैंगिकतेपासून सुटका, हेच सांगत आलेली ती ख्रिस्ती संघटना. तिच्याकडे आलेल्या जवळजवळ कोणाचंच आकर्षण बदललं नाही, असं अध्यक्षानेच मान्य केलं आणि २०१३ मध्ये माफी मागून संघटना बंद केली. प्रार्थना करा, जरूर करा. मुलाला उपाशी ठेवून, धरून बसवून नको.

दुसरी, लग्न. इथे मला धर्मगुरूंची मदत अनपेक्षितपणे झाली. त्यांनी ॲग्नेसताईंना सांगितलं, "मुलीपासून हे लपवून लग्न लावलंत, तर चर्चच्या कायद्यानेच ते लग्न रद्द ठरू शकतं. संसार मोडेल अशी गोष्ट फसवून दडवली तर ती संमती खरी नाही." चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन १०९८, तेच सांगतं. आयर्लंडची ती नर्स कोणाचीतरी लेक आहे, हा मुद्दा मी दोनदा मांडला होता आणि त्या हूं म्हणाल्या होत्या. फादरांनी कायदा सांगितल्यावर पटला. चालतं. पटणं महत्त्वाचं, कोणामुळे ते नाही.

वडिलांना सांगायला एल्विनने स्वतः वेळ निवडली. दादरहून परतल्यावर, पाय धुऊन ते ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "मग पुढे बाग कोण बघणार?" एल्विनला तो टोमणा वाटला. मला तो वाटला नाही. ज्याला हाकलून द्यायचं असतं, त्याला बागेचं कोणी विचारत नाही. त्या आठवड्यात त्यांनी स्थळं आणणाऱ्या मामांना परस्पर नाही कळवलं, कारण न सांगता.

ॲग्नेसताई आजही मानतात, की शरीरसंबंध पाप आहे. मी ते बदलायचा प्रयत्न केला नाही. तो त्यांच्या आणि देवाच्या मधला मामला. एल्विन ते मानत नाही. गावच्या चर्चमध्ये तो आता क्वचित येतो, मुंबईत एका ठिकाणी मिस्साला, म्हणजे उपासनेला, जातो. मिस्सातलं कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यावं की नाही, हे त्याने मला विचारलं होतं. तो प्रश्न मी त्याच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांकडे परत पाठवला. नाताळात त्याच्या मित्राला जेवायला बोलवायचं की नाही, यावर घरात अजून ठरलेलं नाही. आईचं म्हणणं, जेवायला येऊ दे, राहायला नको. एल्विनचं म्हणणं, मग येतच नाही.

मावशी सध्या कोणाशीच बोलत नाही. पुढच्या भेटीला तिला घेऊन येते, असं ॲग्नेसताई म्हणाल्या आहेत. ती येईल असं मला वाटत नाही, पण शनिवारची वेळ मी ठेवली आहे.